चुकांची वही

'उद्या बोलू' काल संपली.
अकरा वर्षं, सोमवार ते गुरुवार, साडेआठ ते नऊ,
आणि माझ्याकडे दोनशे पानी वहीत
तिच्या एकूण चारशे बारा चुका.

पहिलीच बघा.
इरावतीच्या खिडकीतून पर्वती दिसते,
समोरच्या विश्रामच्या खिडकीतूनही पर्वतीच.
दोघं एकमेकांकडे तोंड करून उभे,
मग एकाला तरी शनिवारवाडा नको दिसायला?

मी लक्ष्मी रोडला चष्म्याच्या दुकानात
तेवीस वर्षं लोकांना विचारत आलेय,
आता स्पष्ट दिसतंय? की आता?
असल्या बाईला पर्वती विकू नये.

विश्रामचं घड्याळदुरुस्तीचं दुकान,
आणि त्याच्याच भिंतीवर अकरा वर्षं दहा वाजून दहा मिनिटं.
इरावती मोटार शिकवते टिळक रोडवर.
भाग एकशे सहा: तिची गाडी
अलका चौकातून वळली ती थेट नळ स्टॉपला.
मधली नदी?
खांबेटे म्हणाले, 'मार्च महिना आहे, नसेल पाणी, सोडून द्या.'

खांबेटे म्हणजे डावा उणे तीन, उजवा उणे सव्वातीन.
चष्मा टाकायला पहिल्यांदा आले
तेव्हा दुकानातल्या छोट्या टीव्हीवर
विश्राम जिन्यात अडकला होता, वाक्य तोंडात धरून.
आम्ही दोघंही तपासणी सोडून वर बघत राहिलो
आणि एकदमच म्हणालो,
'मागच्या भागात जिना डावीकडे होता.'

तेव्हापासून नऊ वाजून दोन मिनिटांनी फोन.
'लिहा. तीनशे सात. कपाचा कान.
दिवाळीत फुटला होता, आज परत उगवलाय.'
मी लिहायचे. तारीख, भाग, चूक.
कौतुकाचा रकाना आखलाच नव्हता.

तर आता सांगते, संपलीच आहे म्हणून.
विश्राम तिच्याकडे गाडी शिकायला येतो
आणि आठचा आकडा काढताना नऊ वेळा नापास होतो, मुद्दाम.
तिला पाचव्या वेळीच कळलेलं असतं.
ती फी घेत राहते.
हे ज्याने कुणी लिहिलं
त्याला मी चष्मा फुकट दिला असता, फ्रेमसकट.

तो मागचा हशा, टेपवरचा,
त्यात दर वेळी एक म्हातारा खोकतो.
एकदा चार दिवस खोकला आला नाही
तर मला चुकचुकल्यासारखं झालं.

इरावतीचे वडील मध्येच बदलले, नट सोडून गेला.
ही चूक मी लाल शाईने लिहिली होती.
पण त्या नव्या माणसाला
तिने न विचारता पाणी आणून दिलं, अर्धं गार, अर्धं साधं,
जसं जुन्याला द्यायची.
मी चूक खोडली. खांबेट्यांना सांगितलं नाही.
वहीत चारशे बारा आहेत, खरं तर चारशे अकरा.

आणि काल विश्राम बोलला.
हशा नव्हता. म्हातारा खोकला नाही.
मी सवयीने भिंतीकडे पाहिलं:
दहा वाजून अकरा.
पेन हातात होतं, टोपण काढलेलं,
मला काही लिहिता आलं नाही.

नऊ वाजून दोन. नऊ वाजून पाच.
नऊ वाजून नऊला फोन.
'लिहा,' खांबेटे म्हणाले, आणि मग काहीच नाही.
'काय लिहू?'
'माझा नंबर वाढला असावा. दोन्ही डोळ्यांचा.
शेवटी शेवटी धूसर दिसलं.'
'उद्या या तपासायला,' मी म्हणाले,
'पण एक ते चार दुकान बंद असतं.'
'दहा वर्षं माहीत आहे मला,' ते म्हणाले,
'म्हणूनच दीडला येतो.'

आता एक वीस झालेत.
शटर अर्धं खाली ओढलंय,
अर्धं तसंच आहे.